छोटा कॅम्पर ट्रेलर घेताना वजनाचा हिशेब

पुणे–बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, मशीन शॉप आणि फॅब्रिकेशनची कामे एकमेकांना लागून चालतात. त्यामुळे मोटारीमागे जोडण्याचा छोटा कॅम्पर ट्रेलर तयार घेण्याऐवजी इथेच बनवून घ्यावा, असा विचार कोल्हापूर परिसरातील हौशी प्रवाशाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र ट्रेलर तयार घ्यायचा असो वा बनवून घ्यायचा असो, "वजन किती?" या एका प्रश्नाला विक्रेता, फॅब्रिकेटर, परिवहन कार्यालय आणि मोटारीची पुस्तिका वेगवेगळी उत्तरे देतात. ती सगळी आपापल्या जागी बरोबरही असू शकतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या वजनाबद्दल बोलत असतो. ही वजने ओळखून कोणत्या क्रमाने हिशेब मांडावा, प्रत्यक्ष वजन कुठे आणि कसे करावे, आणि फसगत झाल्यास कोणते हक्क वापरावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ओढणे वेगळे, आवरणे वेगळे

ऊस गळीत हंगामात दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कोल्हापूर जिल्ह्यात रोज दिसतो, त्यामुळे इंजिनात दम असला की मागे काहीही जोडता येते, असा समज सहज होतो. ट्रॅक्टर कमी वेगाने चालतो, त्याची रचनाच ओढकामासाठी केलेली असते, आणि तरीही उतारावर भरलेल्या ट्रॉल्या त्याला ढकलू लागल्या की चालकाची कसोटी लागते. मोटारीचा वेग याहून बराच जास्त असतो. तिची ओढण्याची मर्यादा इंजिनाच्या ताकदीवर जेवढी अवलंबून असते, त्याहून अधिक ती ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल, सस्पेन्शन, चेसिसवरील जोडणीची जागा आणि गिअरबॉक्स किती तापतो यांवर अवलंबून असते. म्हणून "माझी गाडी हे ओढेल का?" असे विचारण्याऐवजी "भरलेला ट्रेलर माझी गाडी घाटात आवरेल का?" असे विचारूनच निवडीला सुरुवात करावी.

कोणकोणती वजने लक्षात घ्यावीत

- ट्रेलरचे रिकामे वजन: कारखान्यातून बाहेर पडताना ट्रेलरचे जे वजन असते ते. जाहिरातीत बहुधा हेच छापलेले असते आणि त्यात पाणी, गॅस, बॅटरी, स्टेपनी व नंतर बसवलेले छत धरले आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.
- ट्रेलरचे कमाल मान्य वजन: ट्रेलर आणि त्यातील सर्व सामान मिळून जे वजन ओलांडता येत नाही ते. बोलीभाषेत ज्याला 'पासिंग' म्हणतात तो आकडा हाच असून नोंदणी प्रमाणपत्रावर त्याची नोंद असते.
- भारक्षमता: कमाल मान्य वजनातून रिकामे वजन वजा केल्यावर उरणारे वजन, म्हणजे सामानासाठी खऱ्या अर्थाने उपलब्ध असलेली जागा.
- दांडीवरचा भार: ट्रेलरच्या पुढच्या दांडीतून मोटारीच्या हूकवर खाली दाबणारे वजन. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाचा भाग असतो आणि तोच मोटारीवर लादलेले सामान म्हणूनही मोजावा लागतो.
- मोटारीचे कमाल वजन: मोटार, चालक, प्रवासी, इंधन, सामान आणि दांडीवरचा भार मिळून मोटारीच्या उत्पादकाने ठरवलेली मर्यादा.
- एकत्रित कमाल वजन: भरलेली मोटार आणि भरलेला ट्रेलर यांच्या बेरजेची मर्यादा. ही मर्यादा अनेकदा दोन्हींच्या स्वतंत्र मर्यादांच्या बेरजेपेक्षा कमी असते.

शेवटच्या आकड्यामुळे होणारी चूक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या मोटारीचे कमाल वजन २१०० किलो, तिच्यामागे चालणाऱ्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो आणि एकत्रित मर्यादा २६०० किलो आहे, असे समजू. मोटार प्रवासी व सामानाने पूर्ण भरली, तर ट्रेलरसाठी ढोबळमानाने ५०० किलोच उरतात. कागदावर दिसणारे ७५० किलो त्या दिवशी त्या कुटुंबाला वापरता येत नाहीत.

हिशेब मोटारीपासून सुरू करावा

बहुतेक ग्राहक आधी ट्रेलर पसंत करतात आणि मग मोटारीकडे वळतात. हा क्रम उलटा करणे आवश्यक आहे.

१. मोटारीच्या मालकपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याविषयीचे पान शोधावे. तेथे ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी दोन वेगळे आकडे असू शकतात.

२. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारींच्या पुस्तिकेत असा आकडा नसतो, आणि काही पुस्तिकांत ओढकामाला स्पष्ट मनाई असते. आकडा नसल्यास उत्पादक कंपनीला लेखी विचारावे. शोरूममधील तोंडी आश्वासन पुढे वॉरंटीच्या किंवा विम्याच्या वादात उपयोगी पडत नाही.

३. परदेशातील आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. ऑस्ट्रेलियात सुझुकी जिम्नीसाठी ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा १३०० किलो, तर ब्रेक नसलेल्या ट्रेलरची केवळ ३५० किलो आहे. ओढकामाची मान्यता प्रत्येक देशातील नियम, तेथे विकले जाणारे मॉडेल आणि जोडणीचे साहित्य पाहून दिली जाते, म्हणून नाव तेच असले तरी परवानगी तीच असेल असे नाही. या उदाहरणातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत की नाहीत यावरून एकाच मोटारीची मर्यादा जवळपास चौपटीने बदलते.

४. मोटारीची मर्यादा, हूकवर छापलेली मर्यादा आणि ट्रेलरच्या जोडणीची मर्यादा या तिन्हींपैकी जी सर्वांत कमी असेल, तीच खरी मर्यादा मानावी. दोन टनांचा हूक बसवल्याने मोटार दोन टन ओढण्यास पात्र होत नाही.

सामानाचा हिशेब कागदावर मांडावा

समजा, एका ट्रेलरचे रिकामे वजन ५२० किलो आणि कमाल मान्य वजन ७५० किलो आहे, म्हणजे भारक्षमता २३० किलो झाली. चौघांच्या कुटुंबाचे नेहमीचे सामान अंदाजे असे भरेल:

- पिण्याचे व वापरायचे पाणी, ६० लिटर: ६० किलो
- घरगुती इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी: ५५ किलो
- १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर, टाकीच्या वजनासह: ३० किलो
- बाजूला ताणायचे छत आणि त्याचे खांब: २५ किलो
- घडीच्या खुर्च्या व टेबल: २० किलो
- अंथरूण-पांघरूण: २५ किलो
- भांडी आणि शिधा: ३० किलो
- स्टेपनी: १८ किलो
- जॅक, पाने, दोर: १२ किलो
- भरलेली थंड पेटी: २५ किलो

ही बेरीज ३०० किलो होते आणि ट्रेलर ८२० किलोंवर जातो, म्हणजे कपड्यांची एकही बॅग न ठेवता मर्यादा ७० किलोंनी ओलांडली जाते. यावर उपाय कठीण नाही. पाणी २० लिटरच घेऊन मुक्कामाच्या ठिकाणी भरले, ट्यूब्युलर बॅटरीऐवजी १२ किलोंच्या आसपासची लिथियम बॅटरी बसवली आणि मोठ्या सिलिंडरऐवजी ५ किलो गॅसचा छोटा सिलिंडर घेतला, तर सुमारे १०० किलो कमी होऊन ट्रेलर ७२० किलोंच्या आत येतो. किमतीच्या दृष्टीने लिथियम बॅटरी महाग वाटते, परंतु वजनाच्या हिशेबात तिची तुलना मोठ्या ट्रेलरच्या आणि तो ओढू शकणाऱ्या मोटारीच्या किमतीशी करावी लागते.

टायरचा हिशेबही याच कागदावर करावा. टायरच्या बाजूवर मापानंतर जो भारांक छापलेला असतो, तो एका टायरची कमाल वहनक्षमता सांगतो. भारांक ७९ म्हणजे ४३७ किलो आणि ८२ म्हणजे ४७५ किलो. एकाच अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला ७९ भारांकाचे दोन टायर असतील तर त्यांची एकूण क्षमता ८७४ किलो होते. पाण्याची टाकी एका बाजूला आणि बाकी सगळे हलके सामान दुसऱ्या बाजूला असेल, तर एका टायरची मर्यादा आधीच ओलांडली जाऊ शकते.

दांडीवरचा भार किती असावा

ट्रेलरमधील जड सामान मागच्या टोकाला गेले की दांडीवरचा भार घटतो. मग वेग वाढताच किंवा शेजारून ट्रक जाताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि हे झुलणे वाढत जाऊन मोटारीलाही फरफटत नेऊ शकते. उलट सगळे जड सामान पुढे कोंबले तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूचा ताबा कमी होतो. युरोपात साधारणतः एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के, तर ऑस्ट्रेलियात सुमारे १० टक्के भार दांडीवर ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे ७२० किलोंच्या ट्रेलरसाठी हा भार ढोबळमानाने ३६ ते ७२ किलोंच्या दरम्यान यावा, आणि मोटार किंवा हूकच्या उत्पादकाने याहून कमी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी.

हूक मागच्या अ‍ॅक्सलच्याही पाठीमागे असल्याने हा भार तरफेसारखा काम करतो. मोटारीच्या दोन अ‍ॅक्सलमधील अंतर २.७ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून हूकपर्यंतचे अंतर १ मीटर असेल, तर दांडीवरच्या ६० किलोंमुळे मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे ८२ किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरील २२ किलो उचलले जातात. म्हणून मागच्या सीटवर तिघे बसले असून डिकीही भरलेली असताना हा भार "फक्त साठ किलो" म्हणून सोडून देता येत नाही.

हा भार पुढीलप्रमाणे मोजावा. भरलेला ट्रेलर सपाट जागेवर उभा करून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. दांडी मोटारीच्या हूकइतक्याच उंचीवर राहील असा भक्कम लाकडी टेकू दुकानातील प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवून दांडी त्यावर टेकवावी आणि आकडा वाचावा. भार कमी-जास्त करण्यासाठी जड वस्तू अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात.

काट्यावर वजन कसे करावे

औद्योगिक वसाहतीत कच्चा माल, भंगार आणि कास्टिंगची वाहने रोज तोलली जातात, त्यामुळे शिरोली परिसरात मोठा काटा शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. काट्यावर जाताना ट्रेलर सहलीला निघाल्याप्रमाणेच पूर्ण भरलेला असावा, मोटारीत इंधन भरलेले असावे आणि सर्व प्रवासी बसलेले असावेत. त्यानंतर क्रमाने पुढील पावत्या घ्याव्यात:

१. ट्रेलरशिवाय एकट्या मोटारीचे वजन.

२. मोटार आणि जोडलेला ट्रेलर या दोन्हींचे एकत्र वजन. हा आकडा एकत्रित मर्यादेशी ताडून पाहावा.

३. ट्रेलर जोडलेला असताना मोटारीची चारही चाके काट्यावर आणि ट्रेलरची चाके काट्याबाहेर ठेवून घेतलेले वजन. हा आकडा मोटारीच्या कमाल वजनाच्या आत असला पाहिजे. दुसऱ्या पावतीतून तो वजा केला की ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवरील वजन मिळते.

४. ट्रेलर सोडून त्याचे एकट्याचे वजन. पावती क्रमांक दोनमधून क्रमांक एक वजा केल्यावर हाच आकडा आला, तर हिशेब जुळला असे समजावे.

ट्रकसाठीचा काटा बहुधा १० किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो, त्यामुळे तिसऱ्या आणि पहिल्या पावतीतील फरकावरून दांडीवरचा भार काढण्याचा मोह टाळावा. पन्नास-साठ किलोंच्या वजनात अशा काट्याची चूक फार मोठी ठरते. काट्याची पडताळणी वैधमापनशास्त्र विभागाकडून दर १२ महिन्यांनी होणे बंधनकारक असल्याने चालू वर्षाचे पडताळणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावले आहे का, हेही पाहावे. पावतीवर तारीख आणि वाहनक्रमांक छापून घ्यावा, कारण पुढे विक्रेत्याशी वाद झाला तर हीच पावती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

घाट आणि ब्रेक

कोल्हापूरहून कोकणात उतरायचे म्हणजे आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट आलाच. भरलेल्या मोटारीचे वजन १८०० किलो असेल आणि तिच्यामागे ७२० किलोंचा ब्रेक नसलेला ट्रेलर असेल, तर सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना मोटारीच्या ब्रेकना एरवीपेक्षा ४० टक्के अधिक वजन आवरावे लागते. ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि ब्रेक थोड्या वेळासाठी पण ठामपणे दाबून सोडावेत.

युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोंची कमाल मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये त्याशिवाय असा ट्रेलर मोटारीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जड असू नये, अशी अट आहे. घाटवाटांचा नियमित प्रवास करणाऱ्यांनी त्याहून कमी वजनाच्या ट्रेलरलाही ओव्हररन ब्रेक घेणे हिताचे आहे. या पद्धतीत मोटार मंदावताच ट्रेलर पुढे ढकलला जातो, दांडीतील सरकता भाग दाबला जातो आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. त्याचबरोबर दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावलेल्या दोन सुरक्षा साखळ्या, हूक सुटल्यास ब्रेक ओढणारी तार, आणि मोटारीच्या दिव्यांबरोबर लागणारे ब्रेक व वळणाचे दिवे यांत तडजोड करू नये.

बनवून घ्यायचा असेल तर

स्थानिक फॅब्रिकेशनचा कल मजबुतीकडे असतो आणि ट्रॉलीच्या सवयीने जाड चॅनेल व जाड पत्रा वापरला जातो. कॅम्परसाठी हीच मजबुती भारक्षमता खाऊन टाकते. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ७.८५ किलो असते, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचे २.७ किलो. आठ बाय चार फुटांचे सहा पत्रे लागणार असतील, तर लोखंडात सुमारे १४० किलो आणि ॲल्युमिनियममध्ये ५० किलोंहून कमी वजन होते. ॲल्युमिनियम काहीसे जाड वापरावे लागले तरी फरक बराच उरतो. आतील फर्निचरसाठी १८ मिलिमीटरचा प्लाय वापरला तर त्याच मापाच्या एका शीटचे वजन ३० किलोंच्या वर जाते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात:

- सर्व फिटिंगसह रिकामे वजन किती भरेल आणि त्यात कमाल किती फरक चालेल.
- अ‍ॅक्सल, स्प्रिंग, टायर आणि जोडणी यांची प्रत्येकाची मर्यादा.
- ताबा देताना काट्याची पावती देण्याची जबाबदारी कोणाची, आणि वजन वाढल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने.
- या नमुन्याला मान्यता आहे का, आणि पासिंगसाठी लागणारी कागदपत्रे कोण देणार.

यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात. नोंदणीच्या अर्जासोबत विक्री प्रमाणपत्र आणि वाहन नियमांनुसार असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि नमुन्याला मान्यता नसेल तर ते देता येत नाही. नमुना तपासणाऱ्या केंद्रमान्य संस्थांपैकी भारतीय ऑटोमोटिव्ह संशोधन संस्था व केंद्रीय मार्ग परिवहन संस्था पुण्यात आणि वाहन संशोधन व विकास आस्थापना अहिल्यानगरला आहे. फॅब्रिकेटरकडे अशा संस्थेचे प्रमाणपत्र नसल्यास "पासिंग नंतर बघू" या शब्दावर काम सुरू करू नये आणि आधी कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

कायद्याची बंधने आणि ग्राहकाचे हक्क

- नोंदणी प्रमाणपत्रातील वजनापेक्षा जास्त वजन असलेले वाहन किंवा ट्रेलर चालवण्यास कलम ११३ ने मनाई केली आहे. कलम १९४ नुसार त्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. कलम ११४ नुसार अधिकारी वाहन काट्यावर नेण्यास सांगू शकतात आणि जादा वजन उतरवल्याशिवाय पुढे न जाण्याचा आदेश देऊ शकतात.
- ट्रेलरला स्वतःचा नोंदणीक्रमांक असतो, आणि तो जोडून मोटार चालवताना मोटारीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे.
- मोटारीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर कलम ५२ ची बंधने आहेत. हूक बसवण्यापूर्वी उत्पादकाचे मत, परिवहन कार्यालयाचा खुलासा आणि विमा कंपनीची लेखी नोंद या तिन्ही गोष्टी घ्याव्यात.
- खासगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरला केंद्र सरकारच्या यादीत बिगर-परिवहन वाहनांत स्थान आहे. तोच ट्रेलर भाड्याने द्यायचा झाला तर नोंदणीचा वर्ग बदलतो. महाराष्ट्राच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात कॅम्पर ट्रेलर, टेंट ट्रेलर आणि घडीच्या कॅराव्हॅनचाही समावेश आहे, त्यामुळे व्यवसायाचा विचार असल्यास पर्यटन विभागाकडील नोंदणी पाहावी.
- सांगितलेले वजन आणि काट्यावरचे वजन यांत मोठी तफावत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग ती ऐकतो आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारीचे शुल्क नाही. प्राथमिक मदतीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक आहे.

निवड कशी करावी

- मोटारीच्या पुस्तिकेत ओढकामाला मनाई असेल किंवा उत्पादक लेखी आकडा देत नसेल, तर ट्रेलरचा विचार सोडून छतावरचा तंबू किंवा भाड्याची कॅराव्हॅन हे पर्याय पाहावेत. छतावरच्या तंबूसाठीही छताची मर्यादा पुस्तिकेत तपासावीच लागते.
- मर्यादा ५०० किलोंच्या आसपास असेल, तर घडीचा तंबू ट्रेलर पुरेसा आहे. भिंती असलेला कॅम्पर घेतल्यास सामानासाठी काहीच उरत नाही.
- मर्यादा ७५० किलो किंवा अधिक असेल, तर रिकामे वजन मर्यादेच्या दोन-तृतीयांशांपेक्षा जास्त नसलेला आणि स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर निवडावा.
- दोन ट्रेलरमध्ये निवड करताना सोयींची यादी बाजूला ठेवून दोन्हींची भारक्षमता शेजारी शेजारी लिहावी.

विक्रेता भरलेल्या ट्रेलरची काटा-पावती आणि मान्यतेची कागदपत्रे देण्यास तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी आपण तो व्यवहार करू नये.